कराडचं मलम बोईसरला

बोईसरला कुणी फिरायला जात नाही. मुंबईची माणसं शनिवार-रविवार केळव्याला जातात, डहाणूला जातात, चिकू घेऊन परततात. बोईसर त्यांना गाडीच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. तिथं माणसं जातात ती कामाला, आणि काम असेपर्यंत राहतात. मीही तशीच गेले. गेल्या थंडीत माझा मुक्काम तिथं पडला, ठरल्यापेक्षा बराच लांबला, आणि कराडला परत आल्यावर जो तो विचारू लागला, "एवढे दिवस काय होतं गं तिथं?" सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी एक मलम पोचवायला गेले होते. पोचवायला म्हणजे डबा पिशवीत घालून नव्हे. कराडजवळ आमचा एक लहानसा कारखाना होता. भाजलेल्या जखमेवर लावायचं मलम आम्ही तिथं बनवत होतो. तिळाचं तेल, मेण, पाणी आणि औषध, एवढाच मामला. पण ते कातडीवर इतकं अलगद पसरायचं की सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाया दुसरं मलम हातात घ्यायच्या नाहीत. मी त्या कारखान्यात शिकाऊ केमिस्ट म्हणून लागले आणि तिथंच माझे केस पांढरे झाले. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. अण्णा थकले, मुलं परदेशात रमली, आणि कारखाना बंद करायचा ठरला. मलम मात्र बंद पडू नये म्हणून अण्णांनी त्याची कृती आणि हक्क बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीला दिले. कागद आधीच गेले होते. करारात एक अट होती: आमच्याकडचं माणूस तिथं जाऊन त्यांच्या टाकीत, त्यांच्या माणसांकडून, लागोपाठ तीन बॅच चांगल्या काढून दाखवील. मगच व्यवहार पुरा.

जाण्यासारखं माझ्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं. बाकीच्यांनी नोकऱ्या शोधल्या होत्या. निघताना अण्णा म्हणाले, "मंगल, देताना हात आखडू नकोस. त्यांनी विचारलं नाही तेही सांग."

बोईसर

कंपनीचं गेस्ट हाऊस भरलेलं होतं, म्हणून माझी सोय राऊतकाकूंच्या घरी वरच्या खोलीत केली होती. स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीत खुंट्या. माझ्या आधीच्या भाडेकऱ्यानं खिडकीच्या गजाला दोरी बांधून ठेवली होती, तिच्यावर मी कपडे वाळत घातले. दुसऱ्या दिवशी ते तसेच दमट. कराडच्या थंडीत सकाळी वाळत घातलेलं लुगडं दुपारी कडक होतं. इथं हवेतच पाणी.

खिडकीतून रस्ता दिसायचा. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक यायच्या. निळ्या शर्टातली माणसं चढायची, दुसरी, डोळे लाल झालेली, उतरायची. कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, कुणी आमच्या सांगली-साताऱ्याकडचं. रिक्षावाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "कौन सा प्लॉट, मॅडम?" मी कंपनीचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "नाम नहीं, नंबर बोलो." तिथं सगळेच पत्ते नंबरांत.

मी कराडातही एकटीच राहते. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला असतो. पण गल्लीत दूधवाल्याला माझ्या गुडघ्याचं दुखणं माहीत आहे, समोरच्या वहिनी भाजी निवडायला माझ्याच कट्ट्यावर येतात. तिथं मी एकटी आहे हे मला आठवतच नसे. बोईसरला ते जेवणाच्या वेळेला आठवायचं. कोपऱ्यावर एक खानावळ होती. मी आत शिरले की पोऱ्या विचारायचा, "पार्सल?" मी म्हणायचे, "नाही, इथंच." तो जरा थांबायचा, मग पंख्याखालचं टेबल पुसून द्यायचा. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. सगळीकडे पुरुषांचे घोळके, मोबाईलवर मोठ्यानं घरच्यांशी बोलणारे. मी वरण-भात खाऊन उठायचे. काही दिवसांनी मीच पार्सल घ्यायला लागले.

कारखान्यात

त्यांच्या कारखान्यात शिरले आणि आधी आमचाच आठवला. आमच्याकडे टाकी जुनी, ढवळणाऱ्या पात्याचा खडखड आवाज, छताला पत्रे. इथं आरशासारखी भांडी, पांढऱ्या भिंती, हवा गाळून येणारी. डोक्याला टोपी, पायाला वेगळी चप्पल, तोंडाला फडकं. मनात म्हटलं, आपलं मलम चांगल्या घरी पडलं.

तिथले उत्पादनाचे प्रमुख बिराजदार म्हणून होते. लातूरकडचे, चाळिशी ओलांडलेले, कपाळावर कायम आठी. माझ्याशी ते अदबीनं बोलत, पण दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. मी कृतीतलं काही समजावू लागले की म्हणत, "कागदावर आहे ना मॅडम? मग ठीक आहे." मला वाटलं, माणूस मितभाषी असेल.

पहिली बॅच झाली. तेल आणि मेण एकीकडे तापवलं, पाणी दुसरीकडे, दोन्ही एकत्र घोटलं. पांढरंशुभ्र, सायीसारखं दिसत होतं. मग टाकीच्या बाहेरच्या कवचात गार पाणी सोडून ते निववलं. झाकण उघडलं, बिराजदारांनी थोडं बोटावर घेतलं, दुसऱ्या बोटानं चोळलं आणि माझ्यापुढे हात केला.

मी चोळून पाहिलं. रवाळ लागत होतं, कापडातून गाळूनही सुधारणार नाही इतकं. तूप रवाळ असलं की आपण वाहवा करतो. भाजलेल्या कातडीवर मात्र तो एकेक दाणा वाळूसारखा टोचतो.

"हे मलम आहे का शिरा?" बिराजदार म्हणाले.

"कुठंतरी चुकलंय. परत करू."

"चुकलं कुठं? तुमच्या कागदाबरहुकूम केलं. तुम्ही समोर उभ्या होतात."

ते खरं होतं. मी मेण बदलायला सांगितलं. आमच्याकडे कधी असं झालं की आम्ही मेणालाच दोष देत असू. नवं मेण आलं, दुसरी बॅच लागली. तीही रवाळ. या वेळी त्यांच्या वरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तरुण होते, आवाज चढवत नव्हते. बिराजदार बाजूला उभे.

"मॅडम, आमच्या टीमचं म्हणणं आहे की कृतीतलं काहीतरी आमच्यापर्यंत आलेलं नाही," साहेब म्हणाले.

"सगळं आलंय."

"मग होत का नाही?"

बिराजदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुन्या लोकांची एखादी खुबी असते सर. ती ते कागदावर आणत नाहीत."

आम्ही चोर ठरत होतो. माल विकून किल्ली खिशात ठेवणारे. साहेबांनी निकाल दिला: आणखी एक प्रयत्न. तोही फसला तर करार बाजूला ठेवायचा. म्हणजे मलम इथंही नाही आणि कराडलाही नाही. संपलंच.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "अण्णा, काही सांगायचं राहिलंय का?"

"तुलासुद्धा तसं वाटतं?" ते म्हणाले.

"तसं नाही अण्णा..."

"ठेवतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. ज्या माणसाकडे मी आयुष्य काढलं त्याला दुखावून बसले होते, आणि ज्यांच्यासाठी दुखावलं त्यांच्या लेखी मी लबाड होते. खालून काकूंच्या टीव्हीचा आवाज येत होता. जिना उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं वाटलं, पण जाऊन काय सांगणार? मलम रवाळ होतंय म्हणून रडू येतंय, असं?

नवापूर

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काकू म्हणाल्या, "खोलीत बसून काय करशील? नवापूरला जा. दर्या बघून ये." मी शेअर रिक्षात बसले. कारखाने मागे पडले, हवेतला औषधी उग्र वास हळूहळू विरला आणि त्याच्या जागी सुक्या मासळीचा आला. मला आधी तो पहिल्यापेक्षा जास्त झोंबला.

समुद्राला ओहोटी होती. पाणी दूरवर सरकलेलं, मध्ये करडी ओली वाळू, तिच्यावर कलंडलेल्या होड्या. गावाच्या कडेला बांबू आडवे-उभे बांधून मांडव केले होते आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून, वाळत टाकलेले. वाऱ्यावर सगळे एकदम हलायचे. आमच्याकडे अंगणात असे कणसांचे झेले टांगतात.

एक बाई खालच्या रांगेतले बोंबील काढून टोपलीत टाकत होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. भानूबाय तिचं नाव, ते नंतर कळलं. मी बराच वेळ उभी आहे हे बघून तिनंच हाक मारली.

"काय गो, घ्यायचे हायेत का बघायचे हायेत?"

"बघतेय."

"बघ मग. बघायला काय पैशे नाय." थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "एकलीच आलीस?"

"हो."

"नवरा?"

"नाही."

"पोरं?"

"नाहीत."

तिनं हातातले बोंबील टोपलीत टाकले. "मग घरी भाकर कुणासाठी करतेस?"

"माझ्यासाठी."

"एकलीसाठी चूल पेटवतेस? मी नाय पेटवायची बाय." तिनं मान हलवली. त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला भारी ओझं उचलताना बघून म्हणावं तसं ती म्हणाली. "माजा घो दर्यावर गेला की मी बी एकलीच. तवा मी शेजारणीकडं जेवते. पण तो परत येतो. ये, बस. आमी काय खातो का तुला?"

मी तिच्या ओट्यावर बसले. तिनं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवलं. मी घाटावरची; आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, काट्यांचा, एका हातानं काटे काढत खायचा. मी जपून तुकडा मोडला तर तो बोटांतच विरघळला. भानूबाय हसली. "त्याला काय घाबरतेस? तो आपल्यापेक्षा मऊ हाय."

ती बोलत होती, मी ऐकत होते. सून मुंबईला कामाला जाते, दर्यात पहिल्यासारखी मासळी नाही, गुडघे दुखतात. मी काय काम करते ते तिनं विचारलं. मी सांगितलं, भाजल्यावरचं मलम. तिनं ताबडतोब पदर सरकवून कोपराजवळचा जुना व्रण दाखवला. "हे उकळत्या पाण्यानं झालेलं. तवा असतं तुजं मलम तर!" माझं मलम तेव्हा कराडला होतं आणि आता कुठंच नव्हतं.

निघताना तिनं सुक्या बोंबलांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. त्या जुडीनं पुढं भलताच घोळ केला. मी ती खोलीत खुंटीला टांगली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी मांजरं जिन्यावर रांगेनं बसली. काकूंनी झाडू घेऊन त्यांना हाकललं आणि मला म्हणाल्या, "अगो, सुकी मासळी डब्यात ठेवतात, खुंटीला नाय!" मग एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं. बोईसरला आल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते. त्या निमित्तानं त्यांनी मला खाली बसवलं, जुडी तव्यावर भाजली आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. बिराजदारांचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "तो लातूरचा? तो तर तुज्या खोलीत राहायचा! ती दोरी त्यानंच बांधलेली."

माकुणसार

काकूंचं माहेर माकुणसारचं. थंडीत त्यांच्या भावाच्या वाडीत उकडहंडी लागते, तिला त्यांनी मला नेलं, आणि मला न सांगता बिराजदारांनाही बोलावलं. सफाळ्याला उतरून रिक्षानं गेलो तर ते आधीच येऊन बाजेवर बसलेले. मला बघून उठले. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. काकू मात्र त्यांना "आलास का रे? वाळलास किती!" म्हणत आत निघून गेल्या.

वाडी सावलीची, ओलसर, नारळ आणि केळी, मध्ये भाजीचे वाफे. मोठ्या मडक्यात कंद, रताळी, वांगी, वालाच्या शेंगा, ओवा आणि मसाला भरला होता. वरून रानातला वासाचा पाला घालून तोंड बंद केलं, मडकं उपडं ठेवलं आणि भोवती पालापाचोळ्याचा जाळ केला. पाणी नाही, काही नाही. आमच्याकडे हुरडा भाजतात तसाच हा सोहळा: जेवण होईपर्यंत सगळ्यांनी जाळाभोवती बसून गप्पा मारायच्या. फक्त आम्हा दोघांना गप्पा सुचत नव्हत्या.

शेवटी मीच विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको शिक्षिका आहे, लातूरला. मुलगी दहावीला." मग म्हणाले, "बदली होत नाही तिची. मीच जातो दिवाळीला, उन्हाळ्यात."

"मग तुम्हीही पार्सलवालेच."

त्यांनी चमकून बघितलं. "कोपऱ्यावरच्या खानावळीतलं?"

"हो."

ते पहिल्यांदा हसले. मग काठीनं जाळ सारखा करत, माझ्याकडे न बघता बोलू लागले. "मॅडम, खरं सांगू? मीही एक मलम केलं होतं. भाजल्यावरचंच. सुट्ट्या न घेता त्याच्या मागं लागलो होतो. होत आलं होतं. तेवढ्यात वरून कळलं, कराडचं विकत घेतलंय. माझं कपाटात गेलं." काठी मोडली, त्यांनी ती जाळात टाकली. "तुमची पहिली बॅच फसली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला ते कपाटातलं मलम डोळ्यांपुढं दिसत होतं.

"आहे का अजून?" मी विचारलं.

"काय?"

"तुमचं मलम. मला बघायचंय."

"कशाला?"

"एवढी वर्षं एकच मलम बघितलंय मी. दुसऱ्यानं कसं केलं ते बघू दे की."

मग ते बोलू लागले आणि थांबेनात. कुठलं तेल घेतलं, का घेतलं, कुठं अडलं. मी विचारत गेले, ते सांगत गेले. त्यांनी आपल्या फसलेल्या बॅचही सांगितल्या, मुलांनी पडल्याच्या खुणा दाखवाव्यात तशा. आणि त्या ओघात त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं कधीच फसलं नाही का हो?"

"फसायचं की. थंडीत एखादी बॅच रवाळ यायची. मेण वाईट आलं असेल म्हणून आम्ही ती टाकून द्यायचो."

"थंडीतच?"

"थंडीतच."

"मेणवाला बरा थंडीतच वाईट मेण द्यायचा?"

त्यांचे डोळे बारीक झाले होते. "मॅडम, निववायला पाणी कुठलं वापरत होता तुम्ही?"

"छतावरच्या टाकीचं. साधं."

"किती गार?"

ते पाणी आम्ही कधी मोजलंच नव्हतं. छतावरची टाकी, कराडचं ऊन. उन्हाळ्यात ते पाणी कोमटच असायचं. कागदावर लिहिलं होतं, 'पाणी सोडून निववावे'. कोणतं पाणी, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण आमच्याकडे दुसरं पाणीच नव्हतं.

"आमच्याकडं चिलरचं पाणी आहे," बिराजदार हळू आवाजात म्हणाले. "बर्फासारखं. टाकीच्या भिंतीला लागलं की मेण जागच्या जागी गोठत असणार."

दोघंही उठून उभे राहिलो होतो. त्यांचा कारखाना आमच्यापेक्षा चांगला होता म्हणून मलम बिघडत होतं. आमच्या गरिबीतली एक गोष्ट त्या मलमात मुरलेली होती आणि ती आम्हालाच ठाऊक नव्हती. आम्ही काही लपवलं नव्हतं. लपवायला आधी माहीत असावं लागतं. आणि मी तिथं जाऊन इतके दिवस फक्त आम्हाला काय जमलं तेच सांगत बसले होते. काय फसलं ते सांगायचं, असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. कागद पुढं सरकवून दोन घरं जोडली जात नाहीत, एवढं मी त्या जाळाशेजारी शिकले.

"काय रे, भांडताय का?" काकूंनी लांबून विचारलं. "बसा, हंडी फोडायची हाय."

गरम गरम रताळं केळीच्या पानावर आलं. बिराजदारांनी ते खाल्लं की नुसतंच हातात धरलं, मला आठवत नाही. ते बोटानं पानावर टाकीची आकृती काढत होते.

पुन्हा कारखान्यात

पुढची बॅच त्यांनी चिलर बंद ठेवून केली. साधं पाणी, तेही बेताबेतानं. निवायला फार वेळ लागला. टाकीच्या काचेच्या झरोक्यापाशी ते उभे आणि त्यांच्यामागे मी. दुपारच्या पाळीची माणसं आली, सकाळची गेली, आम्ही दोघं तसेच. शेवटी झाकण उघडलं. त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं, परत चोळलं. मग माझ्यापुढे हात केला.

मऊ होतं. अगदी आमचं. तिळाच्या तेलाचा तो मंद वास आला आणि मला एकदम कराडच्या पत्र्याखाली उभं राहिल्यासारखं झालं. तोंडावर फडकं होतं म्हणून मी वाचले.

"झालं," बिराजदार म्हणाले.

मी अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं आपलं मलम छतावरच्या पाण्यावर चाललं होतं," ते म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "मी त्या दिवशी फोन ठेवायला नको होता." मी म्हटलं, "मीही विचारायला नको होतं." ते म्हणाले, "नाही, विचारायलाच हवं होतं."

त्यानंतरच्या दोन्ही बॅच चांगल्या उतरल्या. दुसऱ्या वेळी बिराजदारांनी पाण्याची वेळ ठरवताना माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिसऱ्या वेळी बघितलं नाही. आपल्या माणसांना सूचना देत ते इकडून तिकडे फिरत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. साहेबांपुढे म्हणाले, "आपल्या मलमाला थोडी सबुरी लागते सर." आपल्या मलमाला! मी खुर्चीवर बसून होते. सगळे समाधानात होते, चहा-बिस्किटं आली, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. याचसाठी मी आले होते. आणि तरी त्या पांढऱ्या खोलीत मला खानावळीतल्यापेक्षाही एकटं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी बिराजदारांनी मला त्यांचं ते कपाटातलं मलम दाखवलं. लहानशा काचेच्या बरणीत होतं, पिवळसर. मी हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहिलं. खरंच वाईट नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि कुठं कमी पडतंय असं मला वाटतं तेही सांगितलं. ते सगळं लिहून घेत होते.

काकूंनी वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. भाऊबिजेला ये म्हणाल्या. "तुला भाऊ हाय पुण्याला, म्हायती हाय मला. त्याच्याकडं जाऊन ये, मग माज्याकडं ये."

कराडला

परत आले तेव्हा आमच्या कारखान्याचे पत्रे उतरवून झाले होते. टाकी भंगारवाला घेऊन गेला होता. मी कुलूप नसलेल्या फाटकातून आत गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले. समोरच्या वहिनी भाजी निवडायला आल्या. त्यांना बोंबलाचं कालवण, भानूबाय, उपडं मडकं सगळं सांगितलं. मलमाचं सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "झालं ना पण शेवटी? मग बरं झालं."

उन्हाळा लागला तेव्हा एकदा सकाळी बिराजदारांचा फोन आला. मुलीची परीक्षा चांगली झाली, आता सुट्टीत ती आणि तिची आई बोईसरला येणार आहेत, असं सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, एक कळवायचं होतं. मलम भरण्याआधी कापडातून गाळायची पायरी आहे ना? ती आम्ही काढून टाकली."

ती पायरी माझी होती. नवी नवी लागले होते तेव्हा मीच ती सुचवली होती, आणि अण्णांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. अख्ख्या कृतीत माझं म्हणून तेवढंच होतं.

"दाणे होतच नाहीत आता," बिराजदार सांगत होते, "तर गाळायचं काय? उगाच माल वाया जातो, वेळ जातो. तीन-चार बॅच करून बघितल्या, कागदावरही बदललं. तुम्हाला काय वाटतं?"

कागदावर बदललं होतं, आणि मग मला काय वाटतं ते विचारत होते. म्हणजे ते विचारत नव्हतेच. आपल्या घरात केलेला बदल एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला सांगावा तसं सांगत होते.

"बरोबर केलंत," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"वाटलंच मला, तुम्ही हो म्हणाल," ते खूश होऊन म्हणाले. मागे टाकीचं पातं फिरत असल्याचा आवाज येत होता, अगदी हलका, खडखड नसलेला. "एकदा या की मॅडम बघायला. आता काम नाही काही. पाहुण्या म्हणून या."

"येईन," मी म्हटलं.